तोंडाचे मत आणि हाताचे मत

मध्यमवर्गीय माणसाच्या घरात महिनाअखेरीस साखर संपेल, चहाची पूड संपेल, एखादे वेळी ऐन फराळ तळायच्या दिवशी गॅसही संपेल. पण मत संपले म्हणून शेजारी वाटी घेऊन गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मते आपल्याकडे मुबलक. पाहुणा दारात चपला काढतो न काढतो तोच निम्मी सांगून झालेली असतात, आणि उरलेली तो चपला घालताना सांगतो. दिवाळीच्या चार दिवसांत तर विचारूच नका. चकलीचा पहिला तुकडा मोडला की जगाचे पुढे कसे व्हायचे ही चर्चा सुरू होते, आणि शेवटची करंजी संपेपर्यंत जगाचे काही खरे नाही असे सर्वानुमते ठरते.

मी कॉलेजात मराठी शिकवते. दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकणे हा माझ्या पोटापाण्याचाच भाग. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत, सकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात, स्टाफरूममध्ये आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात मी जी मते ऐकते, ती फिरून फिरून चार विषयांवर येतात. यंत्रे, खेळ, नाती आणि मोठे धंदेवाले. त्यांवरचे निकालही ठरलेले आहेत. मोबाइलने माणसे तोडली. क्रिकेटचा बाजार झाला. नाती पूर्वीसारखी राहिली नाहीत. आणि बड्या कंपन्या लहान माणसाला गिळायला निघाल्या आहेत. या चार वाक्यांना मान डोलावणार नाही असे घर आपल्या वर्गात सापडणे कठीण.

'मत' हा शब्द संस्कृतातल्या 'मन्' या धातूपासून आला. विचार करून मानलेले ते मत. पुढे मराठीने त्याला आणखी एका कामाला जुंपले. निवडणुकीच्या दिवशी बोटाला शाई लावून आपण जे देऊन येतो, तेही मतच. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन निरनिराळे शब्द आहेत. आपल्याकडे सांगायचे तेही मत आणि द्यायचे तेही मत. वर्गात हा शब्द शिकवता शिकवता मला वाटू लागले, की या दुहेरी अर्थात आपल्या घराघरांचा सगळा इतिहास आहे. प्रत्येकाजवळ दोन मते असतात. एक तोंडाचे आणि एक हाताचे. तोंडाचे मत तो सांगतो. हाताचे मत तो पैसे देऊन, वेळ देऊन किंवा सही करून देतो. पुष्कळदा ही दोन मते एकाच माणसाची असूनही त्यांची एकमेकांशी ओळख नसते.

फोनपासूनच सुरुवात करू. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी एकदा 'मोबाइल: शाप की वरदान?' हा आपला शाळेपासूनचा ठरलेला निबंध घातला. जवळजवळ सगळ्या वर्गाने 'शाप' असा निकाल दिला, आणि बहुतेक निबंध मला मोबाइलवरूनच आले. मुलांना हसण्यात अर्थ नाही. घरोघर हेच चालते. आमच्या सासूबाईंचे वय अठ्याहत्तर. "या डबड्यानं माणसं तोडली," हे वाक्य त्या दिवसातून एकदा तरी म्हणतात. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन इंदूरला गेली, त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. त्या काळी ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहायची आणि मिळालेल्या तीन मिनिटांतली दोन "ऐकू येतंय का?" यातच घालवायची. थेट परगावी फोन लावण्याची सोय देशात प्रथम १९६० साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान झाली. सामान्य घरापर्यंत ती पोचायला पुढे कितीतरी वर्षे गेली. १९९५ च्या ३१ जुलैला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा त्या यंत्रावर आलेल्या फोनलाही पैसे पडत. एरवी होती ती पत्रे, आणि वाईट बातमीसाठी तार. ती तारसेवाही २०१३ च्या जुलैत बंद झाली.

आज संध्याकाळी सहा वाजले की सासूबाई फोन पाण्याच्या पिंपाला टेकवून उभा करतात. पलीकडे इंदूरचे स्वयंपाकघर दिसू लागते. मग इकडे त्या मटार सोलतात आणि तिकडे मावशी तांदूळ निवडतात. बोलणे पाच-दहा मिनिटांचे. बाकीचा वेळ दोघी आपापले काम करीत असतात, आणि मध्येच एक म्हणते, "अगं, दूध बघ, ओतू जाईल." इंदूरच्या शेगडीवरचे दूध डोंबिवलीहून उतरवले जाते! २०१६ साली फोनवरचे हे बोलणे-पाहणे एकाएकी स्वस्त झाले नसते, तर या दोन बहिणींची म्हातारपणीची संध्याकाळ अशी एकत्र गेली नसती. तोंडाने सासूबाई मोबाइलला शाप देतात, हाताने मात्र रोज रात्री त्याला न चुकता चार्जिंगला लावतात. मला विचाराल तर येथे तोंडापेक्षा हात शहाणा आहे. भाजीवालीचेही तेच. तिच्या तराजूशेजारी ठिपक्यांची चौकोनी पाटी आणि पैसे आल्याचे ओरडून सांगणारी पेटी असते. यूपीआय २०१६ साली आले, आणि २०२३ च्या ऑगस्टात एका महिन्यातले त्याचे व्यवहार एक हजार कोटींच्या वर गेले. "हे नवं काही आपल्याला जमायचं नाही," असे सांगणारी माणसे त्या हजार कोटींत असणारच.

पण हात नेहमीच शहाणा असतो असे मात्र नाही. आमचे शेजारी नाना बँकेतून निवृत्त झालेले. क्रिकेटचा बाजार झाला, हे त्यांचे मत ठाम आहे. आयपीएलच्या दिवसांत प्रत्येक षटकानंतर जाहिरात लागली की ते मोठ्याने सांगतात. नाना सांगतात ती जुनी गोष्ट खरीच आहे. १९८३ साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक आणला तेव्हा क्रिकेट मंडळाजवळ खेळाडूंना धड बक्षीस द्यायला पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. आणि आता? २०२२ च्या जूनमध्ये आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. लिलावाच्या वेळी धरलेल्या ४१० सामन्यांनी भागले तर एका सामन्याला सुमारे ११८ कोटी पडतात. दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू धरले, तर एका चेंडूची किंमत साधारण ४९ लाख रुपये.

हा हिशेब मी नानांना कागदावर मांडून दाखवला. नाना म्हणाले, "बघा! मी म्हणतो ते काय खोटं?"

मी म्हटले, "नाना, पण एवढे पैसे कोण देतं?"

"कंपन्या देतात."

"कशासाठी?"

नाना थोडे थांबले आणि म्हणाले, "आम्ही बघतो म्हणून." मग त्यांनी रिमोट उचलून आवाज जरा कमी केला. सामना चालूच राहिला.

आपल्या वर्गाचे खेळाबद्दल आणखी एक आवडते मत आहे: "क्रिकेटशिवाय दुसरे खेळ नाहीत का या देशात?" आहेत ना. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले; स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्यांचे कुस्तीविषयी तोंडाचे मत काय होते ते मला ठाऊक असण्याची गरज नाही. हाताचे मत इतिहासात नोंदले गेले आहे. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचे पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसला, नेमबाज स्वप्निल कुसाळे याला. मध्ये ७२ वर्षे गेली. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खोखोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुषांत आणि महिलांत दोन्हीकडे भारत जिंकला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. "दुसरे खेळ नाहीत का" म्हणणाऱ्या आमच्या इमारतीत तो अंतिम सामना पाहणारे घर मला एकही भेटले नाही.

मैदानाचेही असेच. "हल्ली मुलं मैदानावर जातच नाहीत," हे आमच्या सोसायटीच्या कमिटीतल्या प्रत्येक सभासदाचे मत आहे. २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या चार मुली एक बॅट आणि तीन लाकडाच्या पट्ट्या घेऊन खाली उतरल्या. आठवड्याच्या आत पार्किंगमध्ये पाटी लागली: 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.' खाली कमिटीची सही. मुलींनी ती पाटी वाचली आणि वर जाऊन फोनवर क्रिकेट खेळायला सुरुवात केली.

फोन आणि क्रिकेट यांच्या मागे उभे असतात ते मोठे धंदेवाले. त्यांच्याबद्दल आपल्या वर्गाचे तोंडाचे मत फार कडक. आमच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे. शेठचे वडील कच्छहून येऊन येथे बसले. २०२० साली टाळेबंदीत चार महिने त्या दुकानाने आमच्या तिन्ही इमारती जगवल्या. यादी फोनवर सांगायची, शेठचा मुलगा पिशव्या जिन्याखाली ठेवून जायचा, पैसे ज्याला जमतील तेव्हा. त्या दिवसांत सर्वांचे एकमत झाले होते, की शेवटी आपला माणूस तो आपला माणूस.

पुढे वस्तीत एक बंद गाळा भाड्याने गेला. बाहेर पाटी नाही आणि गिऱ्हाईकाला आत प्रवेशही नाही. आत मांडण्यांवर माल रचलेला. आपण फोनवर बोट टेकवले की एक मुलगा धावत पिशवी भरतो आणि दुसरा ती स्कूटरवरून दारात आणतो. दहा मिनिटांत कोथिंबीर! पहिल्या पहिल्यांदा सवलतही भरपूर, कारण त्या सवलतीचा तोटा भांडवल घालणाऱ्यांनी सोसायचा असतो. सवय लागली, की मग बिलात हळूच हाताळणीचा आकार येतो, पोचवण्याचा आकार येतो, पावसात पावसाचा आकार येतो. आमच्याकडची साखर कधी संपते हे शेठला पूर्वीपासून ठाऊक होते. पण ते ज्ञान शेठच्या डोक्यात होते. आता ते यंत्रात नोंदले जाते, आणि साखर संपायच्या दोन दिवस आधी फोन मला आठवण करतो.

शेठने मुगाच्या तीन जातींऐवजी एकच ठेवायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आले. मुलगा दुकानावर बसत नाही. नोकरी शोधतो आहे. परवा दुकानापुढच्या बाकड्यावर नाना आणि मंडळी बड्या कंपन्यांचा समाचार घेत बसली होती. शेठ मला मीठ देता देता हळूच म्हणाला, "ताई, सगळ्यांचं मत आपल्याच बाजूनं आहे. गिऱ्हाईक तेवढं दिसत नाही."

याच प्रांतात लोकांनी एकेक पैसा जमवून १९०८ साली तळेगावचा काचेचा कारखाना उभा केला होता. मुंबईत १९७५ साली ग्राहक पंचायत निघाली. काही घरांनी मिळून महिन्याची यादी भरायची आणि एकत्र सामान घ्यायचे, हा तिचा परिपाठ. त्या बायका व्याख्याने देत नव्हत्या. त्या डबे मोजत होत्या, वजन तपासत होत्या, हिशेब लिहीत होत्या. धंदेवाला बडा असो की लहान, त्याला आपले बोलणे ऐकू येत नाही. त्याला आपला हात तेवढा दिसतो. निवडणुकीचे मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे. हे मत आपण रोज सकाळी दूध घेताना देत असतो.

राहता राहिला नात्यांचा विषय. "मुलगा आणि मुलगी आम्हाला सारखीच," हे आपल्या वर्गाचे लाडके वाक्य. त्याची खरी परीक्षा वाढदिवसाच्या केकवर होत नाही, ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत होते.

आमचे सासरे गेले तेव्हा राहते घर त्यांच्या नावावर होते, स्वकष्टाचे. मृत्युपत्र केलेले नव्हते. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे अशा वेळी बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून हक्क मिळायला मुलींना अधिक थांबावे लागले. तो महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली आला. २०२० च्या ऑगस्टात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे. म्हणजे कायद्याचे मत अगदी स्वच्छ. आपल्याकडे त्यावर एक घरगुती तोडगा आहे. त्याचे नाव हक्कसोडपत्र.

धाकट्या भावोजींनी ते तयार करून आणले. हेतू वाईट नव्हता. सगळीकडे असेच करतात म्हणून केले. नणंदबाईही म्हणाल्या, "मला काही नको. भावांचं प्रेम राहू दे." हे गप्प बसले. सासूबाईंचा चष्मा सापडेना, म्हणून मला म्हणाल्या, "तू वाचून दाखव." मी मोठ्याने वाचू लागले. राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, विनामोबदला...

"विनामोबदला म्हणजे?" सासूबाईंनी विचारले.

"फुकट, आई."

त्या जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वाईच्या घरावरची माझी सही भाऊबीजेच्या दिवशी घेतली होती. ओवाळून झालं आणि तिथेच पाटावर कागद पुढे आला. दादानं ताटात मोरपंखी लुगडं घातलं होतं. मी सही केली. लुगडं विटलं, घर विकलं गेलं, दादाही गेला. मी कधी कुणाला बोलले नाही." आणि भावोजींकडे वळून म्हणाल्या, "माझी झाली ती झाली. हिची नको. हिचं नाव राहू दे."

कागद तसाच घडी होऊन कपाटात गेला. भावोजी दोन महिने रुसले होते; भाऊबीजेला आले. आज सोसायटीच्या भागपत्रावर चार नावे आहेत. गेल्या पावसाळ्यात गच्चीच्या गळतीची वर्गणी निघाली तेव्हा नणंदबाईंनी आपला चौथा हिस्सा न मागता पाठवला. पूर्वी त्या माहेरी येत तेव्हा पाण्याचा पेलाही विचारून घेत. आता सरळ स्वयंपाकघरात येतात, डबे उघडतात आणि "वहिनी, चिवडा खारट झालाय" असे सांगतात. मला त्याचा राग येत नाही असे नाही. पण घर त्यांचे आहे, हे चिवड्यालाही मान्य करावे लागते.

सासूबाई मात्र अजूनही पाहुण्यांसमोर हमखास म्हणतात, "लेक म्हणजे काय, परक्याचं धन!" तोंडाचे मत त्यांनी तसूभरही बदललेले नाही. त्यांच्या हाताने जे केले त्याची त्यांच्या तोंडाला अद्याप खबर नाही. म्हणून मी कोणाच्या बोलण्यावरून त्याच्याविषयी पटकन ग्रह करून घेत नाही. मोठमोठ्या गप्पा मारणारा हात आखडता घेतो, तशीच जुनाट बोलणारी एखादी म्हातारी कायद्याने सांगितलेले आणि कोणी न पाळलेले काम एका वाक्यात उरकून टाकते.

लक्ष्मीपूजनाला आणि पाडव्याला व्यापारी वहीची पूजा करतात. गेल्या पाडव्यापासून मीही एक साधी शंभर पानी वही केली आहे. डाव्या पानावर आमच्या घरात बोललेली मते आणि उजव्या पानावर त्याच विषयावर त्या महिन्यात हाताने काय केले ते. डावी पाने भराभर भरतात. उजवीकडे नोंदी थोड्या आहेत. 'आषाढ: महिन्याचे वाणसामान शेठकडून, कोथिंबीर दोनदा फोनवरून.' 'श्रावण: नाना आणि हे जिल्ह्याच्या खोखो स्पर्धेला गेले. नानांचे मत: पंचांना काही कळत नाही.' 'भाद्रपद: पार्किंगची पाटी काढण्याचा अर्ज, सह्या अकरा.' अकरात कमिटीच्या दोन सभासदांच्या सह्या आहेत. अर्ज अजून मंजूर व्हायचा आहे. रविवारी सकाळी सात ते नऊ गाड्या बाहेर लावायला सहा घरे तयार झाली आहेत. आणखी चार मिळाली, की मुलींना दोन तास मोकळी जागा मिळेल. यंदाच्या फराळाला मंडळी जमतील तेव्हा क्रिकेटचा बाजार कसा झाला हे मी सगळे ऐकून घेणार आहे. चकल्यांच्या ताटाशेजारी तो अर्ज आणि पेन ठेवलेले असेल.